नव्या गाडीची चाकं, टायर आणि अ‍ॅक्सेसरीज: बदलण्याआधी काय बघायचं

गाडी घेताना बजेट ताणून बेस किंवा मधलं मॉडेल घेतलं जातं, आणि पूजा उरकली की अ‍ॅलॉय, रुंद टायर, सेव्हन-डी मॅट, मोठी स्क्रीन असे बेत सुरू होतात. त्यात गैर काहीच नाही. पण यातल्या काही वस्तू निव्वळ दिसण्यापुरत्या असतात, तर काही वस्तू गाडीचं ब्रेकिंग, अ‍ॅव्हरेज, वॉरंटी आणि उद्याचा विम्याचा क्लेम बदलून टाकतात. दुकानात मात्र दोन्ही एकाच काउंटरवर, एकाच सुरात विकल्या जातात. पहिल्यांदाच गाडी घेतलेल्यांना हा फरक कळावा म्हणून हा लेख.

माझं मत आधीच सांगतो. पहिले पैसे टायरच्या दर्जावर घाला, साइजवर नाही. हवा, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आणि बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) वेळच्या वेळी करा. अ‍ॅलॉयचा विचार त्यानंतर. वायर तोडून बसवायची कुठलीही वस्तू सगळ्यात शेवटी, आणि जमलं तर नकोच.

पहिली पायरी: दुकानात जाण्याआधी गाडी वाचा

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर एक स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. त्यावर कंपनीने मंजूर केलेली टायरची साइज आणि पुढच्या-मागच्या चाकांत किती हवा भरायची ते लिहिलेलं असतं. मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. टायरच्या दुकानात, पेट्रोल पंपावर आणि जुनी गाडी विकत घेताना हा एक फोटो फार उपयोगी पडतो.

आता टायरच्या बाजूवरचा मजकूर बघा. समजा लिहिलंय १८५/६५ आर१५ ८८एच. यातला १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही, तर रुंदीच्या टक्क्यांत: १८५ चे ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिमी. आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. ८८ हा भाराचा आकडा आहे. तो थेट किलो नव्हे, तक्त्यात बघावा लागतो, आणि ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो. शेवटचं अक्षर वेगाचं. एस म्हणजे ताशी १८० किमी, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०.

बाजूवरच लंबगोलात चार आकड्यांची एक संख्या असते. २३२४ असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नवा टायर घेताना हा आकडा स्वतः वाकून वाचा. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर त्याच भावात मिळत असेल तर घेऊ नका. रबर वापर नसला तरी म्हातारं होतंच.

दुसरी पायरी: साइजचं गणित एकदा कागदावर करा

हे गणित शाळेतलं आहे आणि ते केल्याशिवाय अपसायझिंग, म्हणजे मूळ साइजपेक्षा मोठी रिम किंवा टायर लावणं, करू नये. मारुती स्विफ्टचं उदाहरण घेऊ, कारण ही गाडी आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४ टायर येतात, वरच्याला १८५/६५ आर१५.

१६५ चे ८० टक्के म्हणजे १३२. वरची आणि खालची भिंत मिळून २६४ मिमी. चौदा इंच म्हणजे ३५५.६ मिमी. पूर्ण चाकाची उंची ६१९.६ मिमी.

दुसरा टायर: २४०.५ आणि पंधरा इंचांचे ३८१ मिळून ६२१.५ मिमी.

फरक दोन मिमीसुद्धा नाही. कंपनीने रिम मोठी केली, टायर रुंद केला, पण चाकाची एकूण उंची जिथल्या तिथे ठेवली. स्पीडोमीटर, ओडोमीटर, गिअरचं गणित आणि एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) हे सगळं त्या उंचीवर उभं असतं. खालच्या मॉडेलच्या मालकाने वरच्या मॉडेलची साइज लावली तर हे काहीच बिघडत नाही. म्हणून नवख्यांसाठी माझा एकच सल्ला: तुमच्याच गाडीच्या टॉप मॉडेलला कंपनी जी रिम आणि जो टायर देते, ती तुमची कमाल मर्यादा. त्या साइजसह गाडीची चाचणी झालेली असते, सस्पेन्शन त्यासाठी जुळवलेलं असतं, आणि उद्या कुणी विचारलं तर दाखवायला कंपनीचं माहितीपत्रक असतं.

आता दुकानदार म्हणतो, "साहेब, २०५/६५ आर१५ बसतो, गाडी भरल्यासारखी दिसेल." बसतो, हे खरं असेलही. पण गणित करा: २६६.५ अधिक ३८१, म्हणजे ६४७.५ मिमी. मूळ चाकापेक्षा साधारण ४ टक्के मोठं. याचे परिणाम रोज जाणवतात. काटा १०० दाखवतो तेव्हा पहिल्यापेक्षा ४ टक्के जास्त वेग असतो. कंपन्या स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जरा जास्तच वेग दाखवेल असा ठेवतात, पण तेवढी सवलत इथे खर्ची पडते, आणि एक्सप्रेसवेवरच्या कॅमेऱ्याला तुमचा काटा दिसत नाही. ओडोमीटर कमी किलोमीटर मोजतो, त्यामुळे टाकी ते टाकी हिशेब केला की अ‍ॅव्हरेज खरं घसरलं त्याहून जास्त घसरलेलं वाटतं. शिवाय ते थोडं खरंच घसरतं, कारण रुंद आणि जड चाक फिरवायला इंजिनाला जास्त कष्ट लागतात. मोठं चाक म्हणजे प्रत्येक गिअर थोडा उंच झाल्यासारखा असतो, १.२ लिटरचं इंजिन, पाच माणसं, सामान आणि आंबोलीचा चढ असा योग आला की दुसऱ्यात चढणारी गाडी पहिला गिअर मागायला लागते. आणि ग्राउंड क्लिअरन्स? तो १३ मिमी वाढतो, म्हणजे करंगळीच्या रुंदीएवढा. स्पीड ब्रेकरवर गाडी घासते म्हणून टायर मोठे करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

उलट दिशेचीही एक चूक होते. रिम सोळा इंचांची केली आणि १९५/५५ आर१६ टायर लावला, तर उंची ६२०.९ मिमी येते, म्हणजे गणित जुळतं. पण भिंत १३२ वरून १०७ मिमीवर आली. खड्ड्याचा पहिला मार टायरची ही भिंतच खाते. ती जितकी कमी, तितका मार रिमवर, सस्पेन्शनवर आणि तुमच्या कंबरेवर. शिवाय या साइजचा भाराचा आकडा बऱ्याच टायरवर ८७ असतो, म्हणजे ५४५ किलो; वर वाचलेल्या १८५/६५ आर१५ चा ८८, म्हणजे ५६०. दिसायला मोठा, पेलायला थोडा कमी. मूळ टायरच्या भाराच्या आणि वेगाच्या आकड्यापेक्षा खाली कधीही येऊ नका. वर गेलं तर चालतं.

एकूण उंचीतला फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवायचा असं मी धरतो. चारही चाकं एकाच साइजची हवीत. दोन पुढे मोठे, दोन मागे जुने असा संसार एबीएसला गोंधळात पाडतो.

तिसरी पायरी: रिम घेताना चार मापं

"चार नटांची आहे ना, बसेल" एवढ्यावर अ‍ॅलॉय विकत घेतले जातात आणि मग ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं. रिमची चार मापं मिळवा.

पहिलं पीसीडी: नट किती आणि ते ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास किती. स्विफ्टला ४ × १००, म्हणजे चार नट, १०० मिमीचं वर्तुळ. ह्युंदाई क्रेटाला ५ × ११४.३. यात तडजोड नाही. "मल्टी-फिट" म्हणून आठ भोकांची रिम मिळते. तिचं पीसीडी जुळत असेल तरी बाकीची तीन मापं स्वतंत्रपणे तपासा.

दुसरं मधल्या भोकाचं माप. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे रिम ज्यावर बसते त्या भागाचा, मधला उंचवटा ५४.१ मिमीचा आहे. बाजारातल्या अ‍ॅलॉयचं भोक अनेक गाड्यांना चालावं म्हणून मुद्दाम मोठं ठेवतात, ७३.१ मिमी वगैरे. मधली पोकळी भरायला हब रिंग नावाची साधी कडी लागते. ती नसली तर चाक बरोबर मध्यावर बसत नाही, आणि कितीही बॅलन्सिंग करा, थरथर जात नाही. ही कडी स्वस्त असते. मागितल्याशिवाय बहुतेक ठिकाणी देत नाहीत, म्हणून मागा.

तिसरं रुंदी, इंचांत, म्हणजे ५.५ जे, ६ जे असं लिहिलेलं असतं. प्रत्येक टायरला ठरावीक रुंदीच्याच रिम चालतात.

चौथं ऑफसेट, म्हणजे रिम किती आत किंवा बाहेर बसते त्याचं मिमीतलं माप: रिमच्या आतल्या बाजूला ईटी आणि पुढे आकडा. मूळ रिम ईटी ४५ ची आणि नवी त्याच रुंदीची पण ईटी ३५ ची असेल, तर चाक १० मिमी बाहेर येतं. बाहेर आलेलं चाक मस्त दिसतं यात शंका नाही. पण व्हील बेअरिंगवर ताण वाढतो, स्टिअरिंग जड होतं, पावसाळ्यात चिखल थेट दारांवर उडतो, आणि मागे तीन माणसं बसली की टायर लायनरला, म्हणजे चाकावरच्या आतल्या प्लास्टिकला, घासतो. स्पेसर (रिम आणि हबच्या मध्ये घालायची चकती) लावून चाक बाहेर काढण्याच्या वाटेला तर जाऊच नका.

स्टील की अ‍ॅलॉय, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. अ‍ॅलॉय नेहमी हलकी असते हा समज अर्धाच खरा आहे. त्याच साइजची चांगली अ‍ॅलॉय हलकी असू शकते. पण एक इंच मोठी अ‍ॅलॉय आणि वर रुंद टायर यांचं वजन मूळ स्टीलच्या चाकापेक्षा सहज जास्त भरतं. खड्ड्यात स्टीलची रिम वाकते आणि टायरवाला ती ठोकून सरळ करून देतो. अ‍ॅलॉय तडकते. तडकलेली अ‍ॅलॉय वेल्डिंग करून देणारे प्रत्येक शहरात आहेत. त्या चाकावर घरच्यांना बसवून महामार्गावर जाऊ नये असं मी अगदी स्पष्ट सांगेन. ज्यांचं रोजचं येणं-जाणं पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गाच्या खराब पट्ट्यांतून आहे, त्यांनी स्टीलच्या रिम आणि उंच भिंतीचे टायर आनंदाने वापरावेत.

पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अ‍ॅलॉयची रांग लागलेली दिसेल. रिमवर आणि टायरवर आयएसआयची खूण बघा, पक्कं बिल घ्या. टॉप मॉडेलच्या मालकाने काढून ठेवलेल्या कंपनीच्या मूळ अ‍ॅलॉय मिळाल्या तर त्या उत्तम. पण घेण्याआधी बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्या. वाकलेली कड तिथे लगेच दिसते.

चौथी पायरी: टायर बसवताना तिथेच उभे राहा

चहा प्यायला जाऊ नका. बघण्यासारखं बरंच असतं.

टायर बदलताना प्रत्येक चाकाचा व्हॉल्व्ह नवा घालायला सांगा. टायरचं आयुष्य चार-पाच वर्षांचं. जुना रबरी व्हॉल्व्ह आधी हार मानतो आणि मग आठवड्याला दोन-तीन पीएसआय हवा कुठे जाते ते कळत नाही. टायरवर "आउटसाइड" लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर, बाण असेल तर फिरण्याच्या दिशेने. चारही चाकांचं बॅलन्सिंग, त्यानंतर अलाइनमेंट आणि अलाइनमेंटचा छापील कागद. कागदावर आधीचे आणि नंतरचे आकडे असतात, तो जपून ठेवा.

नट हाताने सुरू करून, एकाआड एक, समोरासमोरचे कसायचे. बहुतेक दुकानांत हवेची गन लावून शेवटपर्यंत कसतात. गरजेपेक्षा जास्त कसलेला नट रस्त्यात पंक्चर झालं की गाडीतल्या पान्याने सुटत नाही, हा त्रास अनेकांनी भोगलाय. मॅन्युअलमध्ये टॉर्क, म्हणजे नट किती जोराने कसायचा तो आकडा, दिलेला असतो. शेवटचा पीळ तो आकडा मोजणाऱ्या पान्याने, टॉर्क रेंचनेच द्यायला सांगा. आणि ५०-१०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा तपासून घ्या, विशेषतः नव्या अ‍ॅलॉयवर. अ‍ॅलॉयचे नट आणि स्टील रिमचे नट काही गाड्यांत वेगळे असतात. तुमच्या गाडीत तसं असेल आणि स्टेपनी स्टीलची असेल, तर तिचे चार नट डिकीत राहिलेच पाहिजेत.

दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर ते मागे लावा. पुढची चाकं ओढतात, वळतात, लवकर झिजतात, म्हणून नवे टायर पुढे हवेत असं वाटणं साहजिक आहे, आणि बऱ्याच दुकानांत तसंच करतात. पण पाण्यावरून घसरताना पुढचे टायर सुटले तर गाडी सरळ जाते, पाय काढला की सावरते. मागचे सुटले तर गाडी गरकन फिरते, आणि सराव नसलेल्याला ती सावरता येत नाही. म्हणून जास्त खोल नक्षीचे टायर मागे.

ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालून घेऊ नका. पंक्चर नक्षीच्या मधल्या भागात असेल तरच दुरुस्त करा. खांद्याला किंवा भिंतीला असेल तर टायर बाद. घाईत बाहेरून घातलेली दोरी तात्पुरती समजा, नंतर टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्या. भिंतीवर फुगा आलेला टायर त्याच दिवशी बदला, त्यावर कुठलाही उपाय नाही.

पैशाच्या बाजूने एक बरी गोष्ट: २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलात तो बरोबर लावलाय का ते बघा.

पाचवी पायरी: हवा

या लेखातला सर्वात महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि यात विकत घ्यायचं जवळजवळ काहीच नाही.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या लगोलग येऊ लागल्या. तेव्हापासून "काँक्रीटवर टायर फुटतात, म्हणून हवा कमी ठेवा" असा सल्ला घरोघरी ऐकू येतो. हा सल्ला उलटा आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेरीला जास्त दबते आणि सुटते. या सततच्या दबण्यातूनच उष्णता तयार होते. १२० च्या मर्यादेला, विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात, भरलेल्या गाडीत, तासन् तास न थांबता हे चाललं की आतले थर सुटायला लागतात आणि टायर फाटतो. टायर आधीच पाच-सहा वर्षांचा, नक्षी घासलेली, खड्ड्यात कधीतरी आत मार बसलेला असेल तर कमकुवत जागा तयारच असते. उन्हाने आणि धावण्याने हवेचा दाब वाढतो, हे खरं, दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआय; पण टायर ती वाढ धरूनच बनवलेला असतो.

म्हणून हवा गार टायरमध्ये, सकाळी निघण्याआधी, स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे भरा. भरलेल्या गाडीसाठी वेगळा, जास्तीचा आकडा दिलेला असतो, लांबच्या प्रवासाला तो पाळा. वाटेत ढाब्यावर गरम टायर मोजून चार पीएसआय जास्त दिसले म्हणून काढू नका. दीड-दोन तासांनी थांबा. नायट्रोजनबद्दल खूप विचारतात: साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन थोडा हळू कमी होतो एवढंच. मोजणं त्यानेही चुकत नाही. खिशात मावणारा प्रेशर गेज आणि बारा व्होल्टचा छोटा पंप, ही माझ्या दृष्टीने नव्या गाडीची पहिली अ‍ॅक्सेसरी. पंपावरच्या मशीनचा आकडा आणि तुमच्या गेजचा आकडा एकदा ताडून बघा.

नक्षीच्या खोबणीत छोटे उंचवटे असतात. नक्षी घासून त्यांच्या पातळीला आली की १.६ मिमी उरली, आणि कायद्याची मर्यादाही तीच. कोकणातल्या किंवा घाटमाथ्याच्या पावसात मी तिथपर्यंत थांबणार नाही. तीन मिमीला टायर बदलायच्या तयारीला लागा. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करा. गाडी एका बाजूला ओढायला लागली किंवा मोठ्या खड्ड्यात आपटली, तर किलोमीटरची वाट न बघता अलाइनमेंट.

स्टेपनी विसरू नका. तिची हवा कुणी बघत नाही. तुमची स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर वेगमर्यादा छापलेली असते, बहुधा ताशी ८० किमी. अपसायझिंग केल्यावर स्टेपनी जुन्या साइजचीच राहिली तर तीही तशीच, तात्पुरती समजायची. काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते. २०२० पासून टायर प्रेशर मॉनिटर आणि दुरुस्तीचा किट असेल तर तशी मुभा आहे. डिलिव्हरी घेतानाच डिकीचं तळ उचलून बघा.

अ‍ॅक्सेसरीज: कुठे थांबायचं

सीट कव्हरपासून सुरुवात करू, कारण इथे जीवाचा प्रश्न आहे आणि तो दिसत नाही. बाजूच्या एअरबॅग पुढच्या सीटच्या पाठीच्या कडेतून उघडतात. २०२४ च्या नव्या स्विफ्टसारख्या गाड्यांत आता खालच्या मॉडेललाही सहा एअरबॅग आहेत. सीटच्या कडेला "एअरबॅग" अशी छोटी पट्टी असेल आणि तुम्ही वरून जाड, घट्ट शिवलेलं कव्हर चढवलं, तर गरजेच्या क्षणी एअरबॅग अडू शकते. त्या कडेला मुद्दाम कच्ची शिवण ठेवलेली, एअरबॅग-योग्य कव्हरच घ्या. नाहीतर मूळ कापड वापरा.

मॅटचं: ड्रायव्हरची मॅट मूळ हुकात अडकलेली हवी आणि एकावर एक दोन मॅट नकोत. सरकलेली मॅट ब्रेकच्या खाली अडकते. सेव्हन-डी मॅट साफ करायला सोप्या, पण त्यांच्याखाली शिरलेलं पावसाचं पाणी वाळत नाही. किनारपट्टीला राहणाऱ्यांनी पावसाळ्यात महिन्यातून एकदा त्या काढून खालचा गालिचा हाताने चाचपावा. मडफ्लॅप मात्र डोळे झाकून लावा.

दिवे आणि स्टिरिओ म्हणजे वायरिंग. साध्या एच४ बल्बची ताकद ६०/५५ वॅट असते आणि वायर, होल्डर, स्विच तेवढ्यासाठीच असतात. तिथे १००/९० चा बल्ब लावला की होल्डर वितळतो, पुढचं नशिबावर. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला तर प्रकाश जिथे पडायला हवा तिथे न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो. घाटात समोरून येणारा आंधळा झाला तर धोका दोघांनाही आहे. हेडलाइटची काच धुरकट झाली असेल तर आधी पॉलिश करून घ्या आणि रोख नीट लावून घ्या. बहुतेकांचं काम तिथेच भागतं.

स्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम बसवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "कपलर आहे का, की वायर तोडणार?" तुमच्या मॉडेलचा कपलर मिळतो, मूळ सॉकेटमध्ये बसतो आणि उद्या काढताही येतो. वायर तोडून टेप गुंडाळली की विजेच्या कुठल्याही बिघाडावर वॉरंटी नाकारायला कंपनीला कारण मिळतं. डॅशकॅमची वायर समोरच्या खांबावरून नेताना तिथे दडलेल्या, खिडकीवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगच्या पुढून नव्हे, मागून न्यावी लागते. हे माहीत नसलेल्या माणसाच्या हातात गाडी देऊ नका.

छतावरचं कॅरिअर लागेल तेव्हा लावा, नंतर काढून ठेवा. रिकामं कॅरिअरही वारा अडवतं आणि इंधन खातं.

बुलबार किंवा क्रॅश गार्ड नकोच. अपघातात बंपर आणि त्यामागचा भाग चेपून धक्का शोषला जावा अशी त्यांची रचना असते. लोखंडी गार्ड तो धक्का सरळ चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) देतो, एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेब बिघडवतो आणि पायी चालणाऱ्याला जीवघेणा ठरतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना याविरुद्ध कारवाई करायला सांगितलं आहे.

काचेवरची फिल्म हा वादाचा विषय आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फिल्म लावायलाच मनाई केली. २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने याच मर्यादेत बसणारी फिल्म चालेल असं म्हटलं. रस्त्यावर दंडाचं पावतीपुस्तक हातात असलेल्या माणसाशी हा वाद घालण्यापेक्षा जाळीचे काढता येणारे पडदे गाडी उभी असताना लावा.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मूळ दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बाहेरून सीएनजी किट बसवलं तर आरसीवर नोंद आणि विमा कंपनीला कळवणं, दोन्ही आवश्यक. त्या सिलिंडरचं वजन मागच्या टायरवर येतं, हेही हवा भरताना लक्षात ठेवा.

विम्याचं बारकाईने वाचा. नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत टायरचं नुकसान तेव्हाच धरतात, जेव्हा त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालेलं असतं, आणि तेव्हाही निम्मीच रक्कम. खड्ड्यात नुसता टायर फाटला तर काही मिळत नाही, त्यासाठी टायरचं वेगळं अ‍ॅड-ऑन असतं. बाहेरून लावलेल्या अ‍ॅलॉय, स्क्रीन, स्पीकर यांची किंमत पॉलिसीत वेगळी लिहिलेली नसेल तर सर्व्हेअर त्या धरत नाही. नूतनीकरणाच्या वेळी बिलं देऊन त्या नोंदवा. विजेवर चालणाऱ्या वस्तूंसाठी त्यांच्या किमतीच्या साधारण चार टक्के जादा हप्ता बसतो. चाळीस हजारांची सिस्टीम असेल तर सोळाशे रुपये. महाग वाटलं तर मूळ स्टिरिओच बरा.

काढलेल्या मूळ रिम, व्हील कॅप, नट, स्टिरिओ आणि बल्ब दुकानदाराला "एक्स्चेंज" म्हणून देऊन टाकू नका. तो त्यांचे किरकोळ पैसे देतो. पाच वर्षांनी गाडी विकताना घेणारा तुमच्या आवडीच्या अ‍ॅलॉयचे पैसे देत नाही, उलट कुठे ठोकली असेल का अशी शंका घेतो. तेव्हा मूळ चाकं चढवायची आणि अ‍ॅलॉय वेगळ्या विकायच्या. रिम धुऊन, वाळवून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर आडव्या ठेवा. पीसीडी, ऑफसेट आणि नटांचं माप एका चिठ्ठीवर लिहून तिथेच चिकटवा, आणि नटांची पिशवी रिमलाच बांधून ठेवा.